‘ॲज टॉल ॲज’ शिकवायचे ते वाक्यरूपांतरातून की बोलण्यातून?

शाहूपुरीची शिकवणी

कोल्हापूरच्या शाहूपुरीत मी आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. परवा एका मुलाने ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे रूपांतर एका दमात करून दाखवले : ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई.’ त्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. वही मिटता मिटता मी त्याला इंग्रजीतच विचारले, की तुझा धाकटा भाऊ आता केवढा झाला? त्यावर तो म्हणाला, ‘ही इज ॲज मी.’ माझा चेहरा पाहून त्याने लगेच दुरुस्ती केली, ‘ही इज टॉल लाइक मी.’

माझे मत असे, की हा दोष त्या मुलाचा नसून ‘डिग्री बदला’, म्हणजे अर्थ तोच ठेवून तुलनेचे वाक्य दुसऱ्या रूपात लिहा, या घोकंपट्टीचा आहे. मराठीत ‘माझ्याएवढा’ म्हटले की काम भागते. उंचीने की वयाने, हे ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत तसे चालत नाही. तिथे दोन ‘ॲज’च्या मधली जागा भरावीच लागते, म्हणजे आपण उंचीबद्दल बोलतो आहोत की वयाबद्दल, हे बोलणाऱ्याला आधी ठरवावे लागते, आणि वयाबद्दल बोलायचे असेल, तर ‘ॲज ओल्ड ॲज मी’ बरोबर असले तरी ‘द सेम एज ॲज मी’ किंवा नुसते ‘माय एज’ तोंडात अधिक सहज येते. ‘टॉल लाइक मी’ हे इंग्रजी अशुद्ध नाही, पण त्याचा अर्थ तोही उंच आणि मीही उंच, एवढाच होतो. ‘ॲज टॉल ॲज मी’चे तसे नाही, दोघे भाऊ चार-चार फुटांचे असले तरी ते वाक्य खरे ठरते, कारण त्यात कोणी उंच असल्याचा दावाच नसतो. ‘माझी आई आजीइतकीच चांगली सुगरण आहे’ हे साधे वाक्यही मुलांना जमत नाही, कारण ‘ॲज गुड अ कुक ॲज’ असा ‘अ’ विशेषणानंतर येतो, हे रूपांतराच्या तक्त्यात सहसा नसतेच. म्हणून ही रूपांतरे दोन वर्षे बाजूला ठेवावीत आणि आधी मुलांना बरोबरी बोलायला शिकवावे, असे मला वाटते.

कागलकर मास्तर

ताई, निदान बरोबर असले तरी औषध मान्य नाही. मी आयुष्यभर हेच शिकवले, त्यामुळे माझा पक्षपात गृहीत धरावा. तुम्ही दिलेल्या कळसूबाईच्या वाक्यातला ‘अदर’ काढून पाहा. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि तीही महाराष्ट्रातच आहे. ‘अदर’ नसेल, तर महाराष्ट्रातले कोणतेही शिखर कळसूबाईइतके उंच नाही, म्हणजे कळसूबाईसुद्धा कळसूबाईइतकी उंच नाही, असा अर्थ निघतो. तुलना करताना ज्याची तुलना करायची त्याला त्याच्याच गटातून वेगळे काढावे लागते, ही शिस्त मुलाला बोलता बोलता लागत नाही, ती वाक्य उलटेसुलटे केल्यावरच लागते. १५६७ मीटरच्या साल्हेर शिखरासाठी ‘व्हेरी फ्यू’ (फार थोडी शिखरे) वापरावे लागते आणि कळसूबाईसाठी ‘नो अदर’, हा फरक ज्याला कळला त्याला तुलना कळली.

शाहूपुरीची शिकवणी

सर, ‘अदर’बद्दलचा मुद्दा मी मान्य करते. पण त्याच तक्त्यातले पुढचे रूपांतर घ्या. ‘अ हा ब इतकाच शहाणा आहे’ याचे रूपांतर आपण ‘ब हा अ पेक्षा अधिक शहाणा नाही’ असे करायला लावतो आणि अर्थ बदलला नाही असे सांगतो. हेच आपल्याकडच्या ताटावर करून पाहू. ‘पांढरा रस्सा तांबड्याइतकाच चविष्ट असतो’ हे वाक्य मंगळवार पेठेत कोणीही हसून ऐकून घेईल. ‘तांबडा रस्सा पांढऱ्यापेक्षा अधिक चविष्ट नसतो’ असे म्हणून पाहा, ताट अर्धे टाकून वाद घालायला माणसे उठतील. पहिल्या वाक्यात पांढऱ्याची स्तुती आहे, दुसऱ्यात तांबड्याची उणीदुणी आहेत. मग अर्थ तोच राहिला, असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

कागलकर मास्तर

तुम्ही म्हणता तो रोखाचा फरक आहे, अर्थाचा नव्हे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मी म्हणेन. ‘ॲज टॉल ॲज’ याचा काटेकोर अर्थ ‘तेवढा तरी उंच’ असा असतो. म्हणूनच इंग्रजीत ‘ॲज टॉल ॲज, इफ नॉट टॉलर दॅन’ असे म्हणता येते. नेमकी बरोबरीच अभिप्रेत असती, तर पुढची पुस्ती विसंगत ठरली असती. त्या हिशेबाने अ हा ब इतका तरी शहाणा आहे, म्हणजेच ब हा अ पेक्षा अधिक शहाणा नाही, हे रूपांतर चोख बसते. घोटाळा होतो तो आपल्या मराठी ‘च’मुळे. ‘शामइतका’ आणि ‘शामइतकाच’ हे आपल्याला वेगळे ऐकू येतात, पण ‘च’साठी इंग्रजीत ‘जस्ट ॲज’ आहे हे आपण वर्गात सांगत नाही. तांबड्या रश्श्याबद्दलचे तुमचे दुसरे वाक्य मी तर्कापुरते मान्य करतो. पंगतीत बसल्यावर नाही.

उद्यमनगर

मी व्याकरणाचा माणूस नाही, पण ताईंच्या बाजूने माझा एक अनुभव सांगतो. आमच्या फौंड्रीत परदेशी गिऱ्हाइकांना पत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. एका कास्टिंगचा जुना नमुना चार किलोचा होता आणि नवा बारा किलोचा. मी ‘थ्री टाइम्स हेविअर दॅन’ असे लिहिले आणि समोरून विचारणा आली, की वजन बारा किलो समजायचे की सोळा. चारपेक्षा तिपटीने जास्त म्हणजे चार अधिक बारा, असाही कोणी त्याचा अर्थ लावतो, हे मला तेव्हा कळले. ‘थ्री टाइम्स ॲज हेवी ॲज’ लिहिले असते तर प्रश्नच उद्भवला नसता. आपण मराठीत ‘जुन्याच्या तिप्पट’ म्हणतो तसेच ‘जुन्यापेक्षा तिप्पट’ही म्हणतो, आणि त्या ‘पेक्षा’मुळे हात आपोआप ‘दॅन’कडे जातो. कोल्हापूरहून बेळगाव सुमारे ११० किलोमीटर आणि पुणे सुमारे २३०, म्हणजे पुणे बेळगावच्या साधारण दुप्पट लांब. हे इंग्रजीत सांगायला ‘ट्वाइस ॲज फार ॲज’ लागते, ते मी शाळेत कधी म्हटल्याचे आठवत नाही, आणि पुढे मला रोज लागले ते नेमके तेच.

राजारामपुरीची आई

मला दोन शंका आहेत. माझे वडील नकारार्थी वाक्यात ‘नॉट सो टॉल ॲज’ असेच हवे म्हणत, तर मुलीच्या वहीत ‘नॉट ॲज टॉल ॲज’ असते. शिवाय वाक्याच्या शेवटी ‘आय’ की इंग्रजीतले ‘मी’, यावरून घरात रोज तंटा आहे.

कागलकर मास्तर

ताई, ‘सो’चा आग्रह आता कोणी धरत नाही, दोन्ही रूपे शुद्ध आहेत, ‘सो’ थोडे जुन्या वळणाचे वाटते एवढेच. मुळात ‘ॲज’ हा शब्दच जुन्या इंग्रजीतल्या ‘ऑल’ आणि ‘सो’ यांच्या जोडातून झिजून आलेला आहे, तेव्हा ही भाऊबंदकीच म्हणायची. ‘ॲज टॉल ॲज आय’ कडक सोवळ्यातले आहे, ‘ॲज टॉल ॲज मी’ सर्वत्र चालते. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. ‘आई ताईवर माझ्याइतकेच प्रेम करते’ या मराठी वाक्यात मी ताईवर करतो तितके, की आई माझ्यावर करते तितके, हे कळत नाही. इंग्रजीतही शेवटी नुसते ‘मी’ ठेवले तर तीच पंचाईत होते. ‘ॲज मच ॲज आय डू’ किंवा ‘ॲज मच ॲज शी लव्ह्ज मी’ असे क्रियापद आणले की गाठ सुटते.

शाहूपुरीची शिकवणी

सर, हे शेवटचे तुम्ही जसे समजावलेत तसे वर्गात समजावले जात असते, तर मी हा वाद उकरलाच नसता. तरी माझा क्रमाचा आग्रह कायम आहे : आधी भावाची उंची, ताईवरचे प्रेम, पुण्याचे अंतर, आणि मग कळसूबाई. काल त्याच मुलाला मी पुन्हा भावाबद्दल विचारले. तो थोडा थांबून म्हणाला, ‘ऑलमोस्ट ॲज टॉल ॲज मी.’ त्यातला ‘ऑलमोस्ट’ मी शिकवलेला नव्हता.

कागलकर मास्तर

ऐकून बरे वाटले. आता त्यालाच विचारा, की भाऊ त्याच्याइतका उंच नाही हे तो ‘टॉलर’ वापरून कसे सांगेल. ते त्याने न अडखळता सांगितले, तर त्याचे श्रेय मी रूपांतराला देणार आहे.