मेल नर्स आणि बायकांचा वॉर्ड: तुमचं मत काय?

नाइट_ड्युटीवाला
बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं मुलामुलींना अभ्यासक्रम एकच, प्रसूतीशास्त्रासकट. नोकरीला लागलो की आमची रवानगी कॅज्युअल्टी, ऑर्थो नाहीतर मनोरुग्णांकडे. का, तर 'ताकद लागते'. २०१९ साली एम्सनं नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवायचं ठरवलं. सेवा बाईनंच करायची, असं गृहीतच धरलंय. मला हे साफ अमान्य.

इन्चार्ज_परळ
अरे बाबा, दुसरी बाजूही ऐक. राउंड संपला की नातेवाईक मला ओलांडून इंटर्न ब्रदरला, म्हणजे मेल नर्सला, विचारतात, "डॉक्टर, रिपोर्ट आला का?" मी पोटॅशियमच्या ड्रिपचे थेंब मोजत असते, आणि मला काय, "सिस्टर, जरा बेडपॅन!" तो पोरगाही "मी डॉक्टर नाही" म्हणत नाही, नुसता हसतो.

गिरगावकर_काका
माझ्या आईला कॅथेटर घालायचा होता, तिनं ब्रदरला हात लावू दिला नाही. ऐंशी पार केलेल्या बाईला समानता शिकवायची का? ८०-२० योग्यच. शिवाय बायकांचा हात मुळातच हलका.

नाइट_ड्युटीवाला
काका, आईंची इच्छा मानायलाच हवी. पण पुरुष डॉक्टर बाईला तपासतो तेव्हा पडद्याआड सिस्टर उभी करून भागतं ना? आणि मेल वॉर्डात सिस्टर आजोबांना स्पंजिंग करतात, तेव्हा आजोबांची लाज कोण विचारतं?

इन्चार्ज_परळ
काका, हलका हात जन्मानं मिळत नाही. बाळाची शीर पहिल्या सुईत सापडते ती सरावानं, आणि त्याआधी बऱ्याच बाळांना रडवावं लागतं. केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. कौतुक झालं ते ममतेचं. वेळेवर कूस बदलणं, त्वचा जपणं, ठसका न लागू देता भरवणं हे शिकून येतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यामुळे पगाराचा विषय निघाला की आम्हाला 'सेवा' ऐकवतात.

जीएनएम_तिसरं_वर्ष
ताई, एकदम पटलं. पण आमच्या वर्गातले मुलगे लग्नाच्या बायोडाटात 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' लिहितात. धागाकर्ते, तुम्ही काय लिहिलंत?

नाइट_ड्युटीवाला
'नर्सिंग ऑफिसर'. ठसठशीत. स्थळांचे फोन आटले, तो भाग वेगळा.

इन्चार्ज_परळ
आमच्या पोरींना फोन येतात रे, पण पहिला प्रश्न ठरलेला: "रात्रपाळी सोडणार ना?"