चिन्नीशी कुठल्या भाषेत बोलायचं?

बी-३०४, चिन्नीची आई: नमस्कार. घरचा विषय ग्रुपवर काढतेय, पण इथे अनुभवी माणसं आहेत म्हणून विचारते. चिन्नी २२ महिन्यांची झाली. मी तिच्याशी मराठीत बोलते, तिचे बाबा दोन्ही भाषांत, आणि दिवसभर ती अव्वांपाशी, म्हणजे आजीपाशी असते. अव्वांना तेलुगूच येतं. काल प्लेग्रुपला चौकशी करायला गेलो, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या की मुलगी गोंधळलीय, एका वाक्यात दोन भाषा घालते. घरात एकच भाषा ठेवा, जमलं तर इंग्लिश, तेलुगू बंदच करा. हे अव्वांच्या कानावर गेलं आणि आज सकाळपासून त्या तिच्याशी बोलायलाच बिचकतायत. भात भरवला तो अगदी गप्प राहून. मला काही सुचेना झालंय.

ए-४०१, दादा: मॅडम रोज इतकी मुलं बघतात, काहीतरी विचार करूनच बोलल्या असतील वहिनी. पुढे शाळेत इंग्लिश लागणारच. आत्तापासून सवय लागली तर बरंच की.

डी-२०१, अक्कलकोटच्या काकू: आमच्या घरात कन्नड, दाराबाहेर मराठी. थोरला अडीच वर्षं होईपर्यंत फार बोलत नव्हता, धाकटी दीड वर्षातच नुसती चिवचिव. दोघांना घर तेच, भाषा त्याच. मग भाषेला दोष कसा द्यायचा?

ए-१०२, अंगणवाडीच्या काकू: चिन्नीच्या आई, आधी अव्वांना जवळ बसव आणि सांग की बोला. ते आज कर, बाकीचं नंतर.

माझी नोकरी सगळी सोलापूरच्या पूर्व भागात गेली. अशोक चौक, दत्तनगर, कन्ना चौक. तिथल्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त लेकरं घरी तेलुगू बोलणारी. यंत्रमागावर काम करणारी, विड्या वळणारी घरं. लेकरू तीन वर्षांचं होऊन आमच्याकडे यायचं तेव्हा मराठी जेमतेम कळायची. पहिले काही महिने ऐकत बसायचं, बोटानं दाखवायचं, मग हळूच एखादा शब्द, आणि दिवाळीनंतर बघावं तर सेविकेशी मराठीत भांडतंय आणि शेजारच्या पोरीला तेलुगूत सांगतंय. अशी कितीतरी बघितली. दोन भाषांमुळे मुकं राहिलेलं एकही नाही बघितलं. जी खरंच मागं पडली त्यांचं कारण दुसरं निघायचं. कुणाला ऐकू कमी यायचं, कुणाशी घरात दिवसभर कुणी बोलायचंच नाही.

म्हणून मला काळजी चिन्नीच्या तेलुगूची नाही, अव्वांच्या गप्प बसण्याची आहे. तू सकाळी नऊला बाहेर पडतेस, सातला येतेस. मधले दहा तास त्या पोरीच्या कानावर जे पडतं ते अव्वांचं. आंघोळ घालताना, केस विंचरताना, गॅलरीतून खालची गाय दाखवताना, भाताचा घास कालवताना त्या काहीतरी बोलत असतात. त्यातूनच लेकरू शिकतं. तेलुगू बंद केली म्हणून त्या जागी मराठी येणार नाही, इंग्लिश तर नाहीच नाही. तिथं टीव्ही येईल. ज्याला जी भाषा मनापासून येते त्यानं त्याच भाषेत लेकराशी बोलावं. तुटकं इंग्लिश बोलणारे आईबाप कमीच बोलतात. दादा, हे तुम्हाला लागेल असं नको व्हायला, पण मी खूप घरांत बघितलंय म्हणून सांगते.

ए-४०१, दादा: नाही काकू, लागलं नाही. पण मग दोन भाषा एकात मिसळतात त्याचं काय?

सी-२०३, ताई (स्पीच थेरपी): मी बोलू का? माझं रोजचं काम हेच आहे.

मिसळणं हा गोंधळ नाही. दोन भाषा ऐकणारं जवळजवळ प्रत्येक मूल ते करतं, मोठी माणसंही करतात. सोलापुरात तर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी यांची सरमिसळ बाजारात कुठंही ऐकू येते. मुलाला हवा तो शब्द एका भाषेत आठवला नाही की ते दुसरीतला घेतं, याचा अर्थ त्याला बोलायचंय आणि ते वाट काढतंय. पुढे कुणाशी कुठली भाषा, हे ते आपसूक ओळखायला लागतं. बऱ्याच मुलांत दोन वर्षांच्या आसपासच त्याची सुरुवात दिसते.

दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं, असं अभ्यासातून कुठंही सिद्ध झालेलं नाही. फक्त मोजताना दोन्हीकडचे शब्द धरावे लागतात. एकाच भाषेतले मोजले तर आकडा कमी दिसणारच, कारण मुलाचा दिवस दोन भाषांत वाटला गेलेला असतो. चिन्नीची आई, एक कागद घे. तुला माहीत असलेले मराठी शब्द लिही, मग अव्वांना विचारून तेलुगूतले लिही. उच्चार बोबडा असला तरी चालेल, प्रत्येक वेळी त्याच गोष्टीसाठी तोच आवाज काढत असेल तर तो शब्द धर. आणि दोन शब्द जोडून काही बोलते का तेही लिही.

सेक्रेटरी काका: मध्ये टाकतोय, माफ करा. उद्या पहाटे पाणी येणार आहे. खालची टाकी भरली की मोटर चालू करतो. प्रत्येकाने आपापलं भरून घ्यावं. चर्चा चालू द्या, चांगली चाललीय.

बी-३०४, चिन्नीची आई: लिहून काढलं. अव्वा सांगत होत्या, मी लिहीत होते, आणि चिन्नी मांडीवर बसून मध्येमध्ये स्वतःच म्हणून दाखवत होती. मराठीतले वीसेक: बाबा, दूध, चिऊ, बस, नको, गेला, पाहिजे, टोपी असे. तेलुगूतले त्याहून जास्त निघाले. पालु (दूध), नीळ्ळु (पाणी), कुक्का (कुत्रा), पिल्ली (मांजर), अन्नम (भात), बंती (चेंडू), रा (ये), वद्दु (नको). अव्वा थांबतच नव्हत्या. सगळे मिळून पन्नासच्या वर जातायत. आणि जोडून: ‘कुक्का गेला’, ‘अव्वा रा’, ‘पालु पाहिजे’. दुपारी गॅलरीतून रस्त्यावरचं कुत्रं दिसेनासं झालं तेव्हा मला ओढत नेऊन ‘कुक्का गेला’ तीनदा म्हणाली.

सी-२०३, ताई: मग ही छान चाललीय. साधारण दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं, ते हिनं आधीच गाठलंय. ‘कुक्का गेला’ हे पूर्ण वाक्य आहे, कर्ता आहे, क्रियापद आहे. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

तरी ग्रुपवर इतर लहान मुलांचे आईबाबा आहेत म्हणून सांगते. वर्ष झालं तरी मूल बबब-ददद करत नाही, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जुळत नाहीत. नावानं हाक मारली तर वळत नाही. यातलं काही असेल तर ‘दोन भाषा आहेत ना, येईल बोलायला’ म्हणून वाट बघत बसू नका. घरात एक भाषा असो की तीन, हे टप्पे तेच. आणि आधी बोलत असलेलं मूल बोलायचं थांबलं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं, दुखत नाही, ताप नाही, पण ऐकू कमी येतं. तपासणीला वयाची अट नाही, बेराची चाचणी (आवाजाला कान-मेंदूकडून येणारा प्रतिसाद यंत्रावर बघतात ती) तर मूल झोपलेलं असताना होते.

ए-१०२, अंगणवाडीच्या काकू: ताई बरोबर बोलली. अंगणवाडीत नाव असेल तर वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, त्यांना बोलण्याबद्दल आवर्जून विचारा. आपण नुसतं वजन बघून घरी येतो.

चिन्नीच्या आई, तुमच्या सासरी खालच्या मजल्यावर माग आहेत ना? सुट्टीत तिकडं राहाल तेव्हा गोष्ट-गाणी मागच्या खोलीत नाहीतर गच्चीवर करा. मागाच्या खडखडाटात लहान लेकराला शब्द वेगळे काढता येत नाहीत, मोठ्यांना सवयीनं येतात.

बी-३०४, चिन्नीची आई: हो काकू, तिथं ती नुसती सगळ्यांची तोंडं बघत बसते. आणखी एक विचारू? हल्ली खाणं फार कमी झालंय. वर्षाची होती तेव्हा वाटीभर खिमट संपवायची. आता चार घास.

डी-२०१, अक्कलकोटच्या काकू: दुधात कुस्करलेली भाकरी देऊन बघ. आमच्याकडे सगळी त्यावरच वाढली. वर थोडे शेंगदाणे घाल, चव येते.

ए-१०२, अंगणवाडीच्या काकू: भाकरी चालेल, पण अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा अजिबात नको. आपल्या सोलापुरात शेंगा घरोघरी पसरलेल्या असतात आणि लेकरं तोंडात टाकतात. दाणा श्वासनलिकेत अडकला की जीवावर बेततं. चार-पाच वर्षांपर्यंत बारीक कूटच द्यायचं. चटणीची तिखट पूड नव्हे, साधं कूट.

आणि भूक कमी होणं या वयात नेहमीचं आहे. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात वाढ दोन-अडीच किलोच. वाढ मंदावली की भूकही मंदावते. पळतेय, जिना चढतेय, चमच्यानं सांडत का होईना स्वतः खातेय, तर मागं लागू नका. मोबाइल दाखवून भरवायचं तर मुळीच नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांना दिवसाला एक तासाच्या वर नाही.

ए-४०१, दादा: काकू, प्लेग्रुपच्या मॅडमना मग काय सांगायचं? वहिनींना पुन्हा तिथंच जायचंय ना.

सी-२०३, ताई: तो कागद घेऊन जा. दोन्ही भाषांची यादी, जोडलेली वाक्यं, खाली तारीख. आणि ‘पालु’, ‘नीळ्ळु’, ‘वद्दु’ म्हणजे दूध, पाणी, नको, एवढं मॅडमना सांगून ठेव. तहान लागली तर मुलीला तिथं पाणी मिळालं पाहिजे. इतकं ऐकून घ्यायची त्यांची तयारी नसेल तर दुसरा प्लेग्रुप बघ. मी सोबत येते हवं तर, सोमवारी दुपारी मोकळी आहे.

बी-३०४, चिन्नीची आई: या ताई, खरंच या. अव्वांना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणतायत, मीही येते मॅडमकडे.

ए-१०२, अंगणवाडीच्या काकू: त्यांना घेऊनच जा. आणि येताना लसीचं कार्ड माझ्याकडे आण. १६ ते २४ महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर झालाय का बघते.