उषाचं पदक एका शतांशाने हुकलं म्हणजे नक्की कसं?

भांडुपची_आई
लेक आठवीत आहे, शाळेकडून १०० आणि २०० पळते. परवा १०० ला दुसरी आली. समजूत घालायला मी पी. टी. उषाचं सांगितलं, की १९८४ ला लॉस एंजेलिसला तिचं पदक एका शतांश सेकंदाने गेलं. तर बाईसाहेब म्हणतात, "एवढंसं मोजलं कुणी?" मैत्रिणींनी तिच्या डोक्यात भरवलंय की हात तिचाच आधी पोचला होता. काय सांगू?

घड्याळवाले_काका
ताई, हात पोचला असेलही, पण हात धरत नाहीत. डोकं, मान, पायही नाही. धड रेषेला आलं की वेळ. म्हणून तर पळणारे शेवटी छाती पुढे टाकतात.

मी परळचा, रेल्वेतून रिटायर. शाळा-कॉलेजच्या मीटमध्ये पंचवीसेक वर्षं हाताने वेळ घेतली. पिस्तुलाचा धूर दिसला की कळ दाबायची, आवाजावर नाही. १०० मीटरवरून आवाज यायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. एका लेनला तिघे, तिघांची वेळ वेगळी आली तर मधली धरायची. त्यात शतांश कुठला आलाय! मी स्वतः एकदा शिंकलो नि एका पोराची वेळ माझ्याकडे आलीच नाही. बाकी दोघांनी लाज राखली.

लॉस एंजेलिसला मात्र रेषेवर रोखलेला कॅमेरा होता. ४०० मीटर हर्डल्स, बायकांची ही शर्यत ऑलिंपिकला पहिल्यांदाच. पहिला स्टार्ट चुकला, सगळ्यांना परत बोलावलं. तिसरी रुमानियाची कोजोकारू ५५.४१, चौथी आपली उषा ५५.४२. त्या वेगाने शतांश सेकंदात अंतर जातं सात सेंटिमीटर. लेकीला चार बोटं जुळवून दाखवा, तेवढंच.

आणि ते ५५.४२ वाया गेलं असं समजू नका. राष्ट्रीय विक्रम म्हणून ते ३९ वर्षं टिकलं. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराजने बरोब्बर ५५.४२ च लावली. मोडला नाही, गाठला! मी टीव्हीसमोर उभाच राहिलो, हिने चहा हातात दिला तरी कळलं नाही.

मुलगी शेवटच्या दहा मीटरला बाजूच्या लेनमध्ये बघते का? बहुतेक पोरं तिथेच हरतात.

फक्कीवाला
काकांशी सहमत. पण ताई, दरवेळी उषाचं हुकलेलंच का सांगायचं? पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं घेतली तिने. १००, २००, ४००, हर्डल्स आणि रिले. १९८६ ला सोलच्या आशियाई स्पर्धेत चार सुवर्णं, १०० ला फिलिपिन्सच्या लिडिया डी व्हेगामागे रौप्य. ते सांगा की!

भांडुपची_आई
काका, बघते! व्हिडिओत चक्क दिसतंय, मान डावीकडे. आज पॅसेजमध्ये या टोकाला लोकर बांधून दिली, तर तीन वेळा हातानेच तोडली. चौथ्यांदा छातीने तोडली आणि तशीच शेजारच्यांच्या चपलांच्या स्टँडवर जाऊन आदळली. काकू ओरडल्या. स्टँडचा एक पाय मोडलाय, तो उद्या दुरुस्त करून देते.

घड्याळवाले_काका
रेषेपुढे दहा पावलं मोकळी ठेवा हो. छाती टाकली की तोल जातो. पॅसेज नको, मैदानावर न्या.