हाताने बांधलेली वही: पुठ्ठा वाकतो, पाठ फुगते, वही उघडी राहत नाही

मेणदोरा

नमस्कार. सहा जण मिळून २४ वह्यांची एक खेप करतोय. कापड रंगवणं, त्यावर ठसे उठवणं, पुठ्ठ्याच्या आतून लावायच्या अस्तरासाठी मार्बल कागद (रंगांच्या लहरींची नक्षी असलेला) करणं अशी कामं वाटून घेतली आहेत. शिलाई आणि बांधणी माझ्याकडे आहे. नमुन्याच्या तिन्ही वह्यांत सारखेच दोष आलेत, म्हणून सगळी मापं देऊन विचारतोय.

आकार ए५. कागद १०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅम), नेहमीचा ए४, मधोमध घडी घातलेला. एका फर्म्यात (एकात एक घालून शिवायची जुडी) ३ कागद, असे १० फर्मे, म्हणजे १२० पानं. दोरा ०.८ मिमी, मेण लावलेला. पुठ्ठा २ मिमी, पाठीची पट्टी आणि पुठ्ठा यांत ४ मिमी अंतर. चिकटवायला सगळीकडे नुसता पीव्हीए (पांढरा गोंद).

झालंय ते असं: दोन्ही पुठ्ठे सुकल्यावर बाहेरच्या बाजूला वाकले, एकाचा तर कोपरा पिळल्यासारखा वर आला. पाठीकडे गठ्ठा मोकळ्या कडेपेक्षा जवळपास दीडपट जाड आहे, त्यामुळे वही टेबलावर ठेवली की पाचरीसारखी दिसते. हात काढला की वही आपोआप मिटते. आणि पुठ्ठा उघडताना पहिलं पान ओढलं जातं. बाकीच्या पाच जणांचं काम इतकं सुरेख आहे की बांधणीत ते वाया जाऊ नये एवढंच वाटतं.

खळपुठ्ठा

मापं दिलीत हे फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. तुमच्या चारपैकी दोन तक्रारींचा संबंध ग्रेनशी येतो, म्हणून आधी तेच.

कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात. तीच त्याची ग्रेन. कागद ओला झाला की ग्रेनच्या आडव्या दिशेला फुगतो, ग्रेनच्या दिशेला जवळपास नाही. वहीत जे जे असतं, म्हणजे पानं, पुठ्ठा, अस्तर, कापडामागचा कागद, त्या सगळ्यांची ग्रेन पाठीला समांतर हवी. नेहमीच्या ए४ कागदाची ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूला असते. तो मधोमध दुमडून ए५ केला की ग्रेन पाठीला काटकोनात येते. अशी पानं पाठीपाशी वळायला तयार होत नाहीत, ताठ उभी राहतात आणि वही मिटते. पाठीला गोंद लागला की प्रत्येक पानाची ती कड लाटेसारखी होते, ते वेगळंच.

उपाय: लांब ग्रेनचा ए३ घ्या आणि मधून कापून त्याचे दोन ए४ करा. आता ग्रेन ए४ च्या आखूड बाजूला आली. तो दुमडला की घडी ग्रेनला समांतर पडते.

ग्रेन ओळखायची कशी? कागद न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या दिशेला तो सहज लवतो, त्या वाकाला समांतर ग्रेन. हाताला फरक कळत नसेल तर त्याच कागदाचा ५ सेंटिमीटरचा चौकोन कापा, कोपऱ्यात मूळ कागदाच्या लांब बाजूची खूण करा आणि एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तो लगेच नळीसारखा गुंडाळतो. नळी ज्या दिशेला लांब, ती ग्रेन. २ मिमी पुठ्ठ्यालाही वाकवण्याची चाचणी लागू पडते, फक्त मोठा तुकडा घ्या. लहान तुकड्यात दोन्हीकडचा जोर सारखाच वाटतो आणि फसगत होते.

आता वाकणं. ओलं झालेलं कापड किंवा कागद सुकताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. बाहेर वाकला म्हणजे बाहेरचं कापड जिंकलं, आतलं अस्तर कमी पडलं. आत वाकला तर उलट. किंचित आत झुकलेला पुठ्ठा चांगलाच, वही मिटलेली राहते. कोपरा पिळलेला दिसतो तेव्हा मात्र ओढ कमी-जास्त नसून वेगवेगळ्या दिशांना असते: पुठ्ठ्याची ग्रेन उभी आणि अस्तराची आडवी, किंवा कुठलातरी तुकडा तिरका कापलेला. त्याला वजन ठेवून उपयोग नाही. वजन काढलं की दोन दिवसांत पुन्हा वर येतो.

तुमच्या गटासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: मार्बल कागद करणाऱ्याला आणि कापडामागे कागद लावणाऱ्याला आत्ताच सांगा की कागद पाण्यात किंवा रंगात जाण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलीने ग्रेनचा बाण काढायचा. मोठा ताव कापला की प्रत्येक तुकड्यावर बाण पुन्हा काढायचा. कागद तुमच्या हातात येईपर्यंत तीन जणांकडून फिरतो, आणि बाण नसेल तर नक्षी ज्या बाजूने छान दिसते त्या बाजूने कापला जातो. दोष तिथे शिरतो आणि दिसतो तुमच्या टेबलावर.

दाभण आणि दोरा

ग्रेनचं वरती आलंच. मी पाठीच्या फुगवट्याबद्दल लिहिते.

प्रत्येक फर्म्याच्या पोटात एक पदर दोरा असतो. १० फर्मे आणि ०.८ मिमी दोरा म्हणजे पाठीकडे ८ मिमी नुसता दोरा. तुमची ६० पर्णं (दोन्ही बाजू मोजून १२० पानं) १०० जीएसएमची, म्हणजे कागदाची जाडी साधारण साडेसात मिमी. दोरा थोडा कागदात रुतत असला तरी पाचर होणारच. एका फर्म्यात ५ कागद घ्या आणि ६ फर्मे करा. कागद तेवढेच ३०. दोरा ०.५ मिमीच्या आसपासचा लिननचा घ्या, म्हणजे दोऱ्याचा हिशोब ८ वरून ३ मिमीवर येतो. गोल पाठ करायची असेल तर थोडा फुगवटा मुद्दाम ठेवतात, त्याच्याच जोरावर पाठ गोल ठोकता येते. सपाट पाठीला तो नको.

शिवण्याआधी सगळे फर्मे बोन फोल्डरने (घडी दाबायच्या चपट्या पट्टीने) दाबून, एकावर एक उलटसुलट रचून, रात्रभर वजनाखाली ठेवा. घडीत अडकलेली हवा गेली की जाडी दिसण्याइतकी उतरते. ही पायरी बरेच जण गाळतात.

भोकं व्ही आकाराच्या खोबणीत फर्मा उघडा ठेवून आतून बाहेर पाडा. टोच्या घडीच्या बरोबर रेषेवर आणि सुईइतकाच बारीक हवा. भोक मोठं झालं तर टाका सैल बसतो आणि गोंद लावताना तो भोकातून आत झिरपून मधली पानं चिकटवतो. वरच्या आणि खालच्या कडेपासून १५ मिमीवर केटल टाक्याची (टोकाशी एक फर्मा आधीच्या फर्म्याला बांधणारा टाका) भोकं ठेवा. त्यांच्यामध्ये पाठीवर आडव्या दोन कापडी पट्ट्या, ज्यांवरून टाके जातात, असतील तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक. एकूण सहा.

दोरा ओढताना हात पाठीला समांतर, शिवणीच्या दिशेनेच. सरळ आपल्याकडे ओढलात तर कागद भोकापासून घडीभर फाटतो आणि तो फर्मा बदलावाच लागतो. केटल टाका जास्त करकचून ओढला की गठ्ठ्याची दोन्ही टोकं आवळली जातात आणि मधला भाग फुगतो. सैल राहिला तर पहिला फर्मा लोंबतो. दर दोन फर्म्यांनी गठ्ठा डोळ्यांसमोर आडवा धरून बघा, तिथेच कळतं. दोऱ्याची लांबी फर्म्यांच्या संख्येइतक्या पाठीच्या उंच्या आणि वर एक: तुमच्यासाठी ७ × २१ सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटरच्या आत. एवढा लांब दोरा गुंतत असेल तर अर्धा घ्या आणि जोड फर्म्याच्या आत, घडीत लपेल असा बांधा.

खळपुठ्ठा

वरची १५ मिमीची सूचना अगदी बरोबर. कडेच्या फार जवळ गेलात तर तिथला कागद फाटतो. पुठ्ठ्याची मापं राहिली होती, ती देतो.

गठ्ठा १४८ × २१० धरून पुठ्ठा १४५ × २१६ मिमी. उंचीत वर-खाली ३-३ मिमी जास्त. रुंदीत पुठ्ठा पाठीपासून थोडा दूर सुरू होतो म्हणून आकडा कमी दिसतो, तरी मोकळ्या कडेला ३ मिमी बाहेर येतोच. पाठीची पट्टी म्हणजे शिवलेल्या, दाबलेल्या गठ्ठ्याची पाठीकडची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी. गठ्ठा १० मिमी असेल तर १४ मिमी. पट्टी आणि पुठ्ठा यांतली खाच ७ मिमी. तुमची ४ मिमी होती, म्हणूनच पहिलं पान ओढलं जातं: पुठ्ठ्याला वळायला जागा नाही, तो अस्तराला खेचतो. १० मिमी कराल तर गठ्ठा कव्हरमध्ये लोंबेल. कापड सगळ्या बाजूंनी १५ मिमी जास्त, म्हणजे ३४८ × २४६. कोपरा ४५ अंशांत कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट, इथे ३ मिमी, कापड ठेवा. अगदी टोकाला लागून कापलंत तर पुठ्ठा उघडा पडतो.

पीव्हीए सगळीकडे नको. पाठीला तोच चांगला, सुकल्यावर लवचीक राहतो. पण पातळ थर, बोटाने फर्म्यांच्या फटीत जिरवलेला. जाड थर आत उतरला की फर्मे एकमेकांना जखडतात, हेही वही न उघडण्याचं कारण. अस्तराला मात्र तो इतक्या लवकर धरतो की कागद सरळ करायला वेळच मिळत नाही. तिथे पीव्हीए आणि खळ निम्मी-निम्मी. खळीला १ भाग मैदा, ५ भाग पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा आणि गार झाल्यावर गाळून घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या.

मिश्रण लावलेला कागद मिनिटभर तसाच ठेवा, फुगू द्या, मग चिकटवा. घाईने लावलेला कागद पुठ्ठ्यावर गेल्यावर फुगतो आणि सुरकुत्या पडतात. अस्तर आणि गठ्ठा यांच्यामध्ये मेणकागद घाला, नाहीतर ओल पानांत जाते. दोन्ही खाचांत ३ मिमीच्या विणकामाच्या सुया आडव्या ठेवा, कव्हरबाहेर ओल शोषणारे टिपकागद, वर फळी, फळीवर पाचेक किलो वजन. अर्ध्या तासाने कव्हरबाहेरचे टिपकागद बदला, दोन तासांनी पुन्हा, मग २४ तास हात लावू नका.

ठसा

रंगवलेलं, ठसे उठवलेलं कापड थेट पुठ्ठ्यावर लावू नका. विणीतून गोंद वर येतो आणि सुकल्यावर चकचकीत डाग दिसतो. तो पुसला जात नाही. आधी कापड धुऊन आखडून घ्या. मग पांढऱ्या सुती कपड्याने एकदा कोरडं आणि एकदा ओलं घासून बघा. रंग सुटत असेल तर ते कापड वहीला नकोच, वापरणाऱ्याच्या तळव्यांना लागेल.

मागे कागद लावायच्या दोन रीती. इस्त्रीने चिकटणारी जाळी कापड आणि पातळ टिश्यू कागद यांच्यामध्ये घालून दाबायची, ही सोपी. दुसरी खळीची: कापड ओलं करून गुळगुळीत ॲक्रिलिकवर उलटं पसरा, ताणू नका, फक्त वीण सरळ करा. टिश्यूला पातळ खळ लावा, कापडावर ठेवा, ब्रशने मधून कडांकडे हवा काढा. टिश्यू कापडाच्या चारी बाजूंना २ सेंटिमीटर बाहेर हवा, म्हणजे त्या कडांवर सगळं ताणून सुकतं. दुसऱ्या दिवशी सोलून काढा. खळीने केलेलं कापड हाताला जास्त मऊ लागतं, पुठ्ठ्याच्या कडेवर ठसठशीत वळतं. २४ वह्या असतील तर मी तेच सुचवेन.

आणि एक विनंती. वहीच्या शेवटच्या पानावर कागद कुठला, किती जीएसएम, पानं किती, चिकटवायला काय वापरलंय हे लिहाच, पण कापड, ठसा, मार्बल आणि शिलाई कोणाची तेही लिहा. टाक्यांच्या पारंपरिक रीती सगळ्यांच्या आहेत, ठशाची नक्षी मात्र एका माणसाची असते. वही हातात घेणारा कापडावरून बोट फिरवतो, तेव्हा त्याला ते नाव मिळायला हवं. सोबत त्याच रीममधला एक मोकळा तुकडाही ठेवा. घेणाऱ्याला आपलं फाउंटन पेन आधी त्यावर चालवून बघता येतं, शाई फुटते का, मागे उतरते का.

मेणदोरा

मनापासून आभार. चौकोन ओला करून बघितला: ए४ ची ग्रेन लांब बाजूलाच, आणि मार्बलच्या दोन कागदांपैकी एकाची आडवी. पिळलेला कोपरा त्याच वहीचा आहे. बाणाचं सगळ्यांना कळवलं. एकच उरलं: चुकीच्या ग्रेनचे नऊ गठ्ठे शिवून तयार आहेत, पाठीला गोंद अजून लावलेला नाही. त्यांचं काय करता येईल?

दाभण आणि दोरा

गोंद नाही म्हणजे वाचले. दोरा कापून फर्मे सुटे करा आणि कॉप्टिक टाक्याने उघड्या पाठीच्या वह्या करा. इजिप्तमधल्या कॉप्ट ख्रिस्ती समाजाच्या जुन्या हस्तलिखितांवरून आलेली रीत आहे ही. पाठीला गोंद लागतच नाही, त्यामुळे चुकीच्या ग्रेनचं निम्मं दुखणं संपतं. पानं थोडी ताठ राहतील, पण प्रत्येक फर्मा स्वतंत्र वळत असल्याने वही सपाट पडते.

शिवताना तीन-तीनचे १० फर्मे एकत्र करून ६ करा. भोकं जुनीच चालतील, फक्त एकात एक घालताना नीट जुळवा, आणि जे जुळत नाहीत ते सरळ नवीन पाडा. इथे दोरा ०.८ चा चालेल, साखळी बाहेर दिसते तेव्हा जाड दोराच शोभतो. पुठ्ठे १५१ × २१६ घ्या, कारण इथे खाच नसते. आतून-बाहेरून कापड आणि अस्तर आधीच लावून, वजनाखाली पूर्ण सुकवून मग भोकं पाडा, पाठीच्या कडेपासून १० मिमीवर. शिवताना सुई मागच्या फर्म्याच्या टाक्याखालून दर वेळी एकाच बाजूने फिरवा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गेली की साखळी वाकडी दिसते आणि ती जागा सैल पडते. पिशवीत घालून फिरवायला या वह्या तितक्या मजबूत नाहीत, तेही शेवटच्या पानावर लिहा.