पोर्चमध्ये गाडीची लिफ्ट बसवायची आहे, कोणती घ्यावी?

बंगला ९: नमस्कार मंडळी. बाबांची जुनी पद्मिनी गाडी पोर्चमध्ये असते, त्यामुळे क्रेटा रोज रस्त्यावर लावावी लागते. चार खांबांची लिफ्ट बसवून पद्मिनी वर आणि क्रेटा खाली ठेवायचा विचार आहे. सुट्टीच्या दिवशी पद्मिनीचं खालून कामही करता येईल. तीन टनांच्या लिफ्टचं कोटेशन आलंय. कुणाला माहिती असेल तर सांगा.

बंगला ४: माझ्या भाच्याने नाशिकला बसवली आहे, छान चालते. घेऊन टाक.

बंगला १२: थांब रे. वजनाचा प्रश्नच नाही, क्रेटा काय नि पद्मिनी काय, तीन टनांत आरामात बसतात. आधी उंची सांग. स्लॅबपर्यंत आणि बीमच्या खाली, दोन्ही.

बंगला ९: काका, स्लॅब ९ फूट ८ इंच. बीम आत्ता मोजला, ८ फूट ४ इंच.

बंगला १२: मग एकावर एक दोन गाड्या विसर. क्रेटाची उंची १६३५ मिमी, पद्मिनीची १४७० च्या आसपास. बेरीज झाली ३१०० च्या वर. त्यात प्लॅटफॉर्मची जाडी आणि वर-खाली थोडी मोकळी जागा धर, म्हणजे ११ फूट लागतात. तुझा स्लॅब २९५० मिमीलाच संपतो, बीम तर २५४० लाच.

बंगला ९: सप्लायर म्हणाला, साइटवर ॲडजस्ट करू.

बंगला १२: स्लॅब कसा ॲडजस्ट करणार तो? त्याच्याकडून ड्रॉइंग माग, तुझ्या दोन्ही गाड्यांची आणि तुझ्या बीमची मापं टाकलेलं. ते आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नकोस. वरची गाडी तिरकी ठेवणाऱ्या लिफ्टही मिळतात, पण त्या दोन बुटक्या सेडानसाठी. खाली क्रेटा असेल तर उपयोग नाही.

बंगला ६: खड्डा करून खालची गाडी खाली उतरवता येत नाही का?

बंगला १२: ताई, त्याच्या पोर्चखाली पाण्याची टाकी आहे. टाकी नसती तरी मी नको म्हटलं असतं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, पंप सतत तयार ठेवावा लागतो, आणि लाइट गेली की पंपही बंद.

बंगला ९: ठीक आहे, क्रेटा बाहेरच राहू दे. नुसत्या कामासाठी दोन खांबांची बसेल का? गॅरेजवाल्यांकडे तीच असते.

बंगला १२: तुझ्याकडे तीच सगळ्यात धोक्याची. दोन खांबांच्या लिफ्टमध्ये खांब उलटायला बघतो, आणि त्याला धरून ठेवायला जमिनीत मारलेले अँकर बोल्टच असतात. त्याला सलग, चांगलं काँक्रीट लागतं, निदान चार-पाच इंच. आपल्या सगळ्यांच्या पोर्चमध्ये मुरूम, वर पातळ पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं काँक्रीट, आणि फरशी आहे. बिल्डरने केलं तेव्हा मी रोज बघत होतो. आणि टाकीच्या झाकणाजवळ ड्रिल मारायचं तर विचारूच नकोस. चार खांबांना फरशी एवढी नडत नाही, पण गाडी चढवायच्या उतारासकट लांबी तुझ्या पोर्चला पुरणार नाही, गेट लागणार नाही.

तुझ्या कामाला कात्री लिफ्ट बरी, गाडीखाली कात्रीसारखी उघडून साधारण मीटरभर उचलणारी. मीटरभर उचलल्यावर पद्मिनीचं टप २४७० ला येतं, बीमला जेमतेम सात सेंटिमीटर राहतात. तेव्हा ती बीमपासून लांब बसव, नाहीतर लिमिट स्विच, म्हणजे ठरलेल्या उंचीला लिफ्ट थांबवणारा स्विच, खाली लाव. बॉनेट आणि डिकी उघडून उंची मोज, बंद गाडीची मोजून चालत नाही. मधला भाग मोकळा असलेलं मॉडेल घे, नाहीतर गिअरबॉक्सपर्यंत हातच पोचणार नाही.

एक राहिलं. ही लिफ्ट गाडीला दारांखालच्या सिलवर उचलते. जुन्या पद्मिनीची सिल आतून सडलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. आत गेला तर आधी डेंटरकडे पत्राकाम, मग लिफ्ट.

बंगला ६: आणि गाडी वर असताना लाइट गेली तर? पोरं तिथेच खेळतात.

बंगला १२: ताई, म्हणूनच यांत्रिक लॉक हवं. गाडी वर गेली की थोडी खाली घेऊन लॉकवर टेकवायची. भार लॉकवर, तेलाच्या दाबावर नाही. तेलाचा पाइप फुटला तरी गाडी जागची हलत नाही. लॉकवर टेकली नसेल तर कुणीही खाली शिरायचं नाही, मग दोन मिनिटांचं काम असो. लाइट नसताना हाताने उतरवायची सोय आहे का, तेही विचार. किल्लीचा स्विच लावून किल्ली घरात ठेव, पोरांचा प्रश्न सुटेल.

सेक्रेटरी: बोल्ट मारायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र कमिटीला द्या. टाकीची जागा त्यात दाखवा.

बंगला ९: देतो. मोटर सिंगल फेज २.२ किलोवॅट म्हणतोय.

बंगला १२: मग स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, पक्कं अर्थिंग. घरातल्या एसीच्या पॉइंटवरून ओढू नकोस. महावितरणच्या बिलावर मंजूर भार बघून मला फोटो पाठव.

बंगला ९: पाठवतो काका. सिल आजच बघतो, कोटेशन परत करतो. क्रेटासाठी रस्त्याकडेची जागा कमिटीकडे लेखी मागेन.