अनुभव धागा : डीएमएलटी, एक्स-रे, डायलिसिस... शिकतानाचे दिवस

जांभळी टोपी

गेल्या मंगळवारी आईचे रक्त घ्यायला एका प्रयोगशाळेचा विशीतला मुलगा घरी आला होता. हात हलका होता. आईच्या निसटत्या शिरेतही त्याची सुई पहिल्याच खेपेला बसली. मात्र पिवळ्या टोपीच्या नळीत रक्त कमी पडले असे पाहून त्याने जांभळ्या टोपीच्या नळीतले थोडे तिच्यात ओतण्यासाठी झाकण काढले आणि मी ओरडलेच, "अरे, थांब!" तो दचकला, आईही दचकली. मग मी त्याला सांगितले की जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो. ते रक्त पिवळ्या नळीत मिसळले, तर अहवालात पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम भलतेच घटलेले दिसेल, आणि धडधाकट म्हातारीला रात्री अतिदक्षता विभागात न्यायची पाळी येईल.

हे शहाणपण अर्थातच पदरच्या चुकीतून आलेले आहे. १९९८ साली मी डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, करत होते. आमच्याकडे तेव्हा रंगीत टोप्या नव्हत्या. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, त्यांत ईडीटीएच्या द्रावणाचे मोजके थेंब सोडून, ओव्हनमध्ये वाळवून 'बल्ब' आम्हीच तयार करत असू. एका दुपारी साध्या बल्बमधले रक्त अपुरे पडले, म्हणून मी ईडीटीएच्या बल्बमधून भर घातली. पोटॅशियम मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटर यंत्रावर आकडा नऊच्या वर आला. मी धावत बाईंकडे गेले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले आणि म्हणाल्या, "पेशंट बाकावर बसून बिस्किटं खातोय. नऊ पोटॅशियमवाला माणूस बिस्किटं खात नाही. कोणत्या बाटलीतून ओतलंस?"

आपल्यापैकी ज्यांनी असे पॅरामेडिकल शिक्षण घेतले असेल, त्यांनी त्या दिवसांबद्दल अवश्य लिहावे.

कॅसेट आणि ग्रिड

मी एक्स-रे तंत्रज्ञ आहे. आम्ही शिकलो तेव्हा फिल्म डार्करूममध्ये हाताने धुवावी लागे. डेव्हलपर आणि फिक्सरचा वास शर्टाला असा चिकटत असे की बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसे.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. छातीचा एक्स-रे काढताना "दीर्घ श्वास घ्या, रोखा" हे मी खणखणीत आवाजात म्हणालो, बटण दाबले आणि फिल्मची कॅसेट घेऊन थेट डार्करूममध्ये शिरलो. "सोडा" हे म्हणायचे राहूनच गेले. आजोबा गावाकडचे, आज्ञाधारक. लालबुंद होऊन तसेच उभे होते. तिथल्या शिपाई मामांनी त्यांना सोडवले. आजही मी "सोडा" हा शब्द दोनदा म्हणतो.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो आणि दर तीन महिन्यांनी तो वाचनासाठी पाठवला जातो. मी तो एप्रनच्या बाहेरच अडकवून ठेवत असे आणि एप्रन तपासणी खोलीतल्या खुंटीवर टांगत असे, त्यामुळे दिवसभराचे सगळ्यांचे एक्स-रे माझ्याच नावावर जमा होत राहिले. तिमाहीचा आकडा आल्यावर स्पष्टीकरण मागणारे पत्र आले. वडिलांना त्यातले एवढेच कळले की पोराच्या अंगात किरण शिरले आहेत, आणि त्यांनी महिनाभर मला घरचे ताक पाजले.

बोलका भोवरा

"सोडा" वाचून कार्यालयात एकटाच हसलो. आमच्याकडे एका बाईंनी दोन्ही हात वर करून श्वास रोखला होता, कारण त्यांना वाटले की पोलीसच आहेत.

मांजराकाठचा

मी लातूरला डायलिसिस तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला. तिथे पहिली गोष्ट शिकवली ती हाताने ऐकण्याची. रुग्णाच्या हातातील धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून फिस्टुला केलेला असतो. त्यावर बोटे ठेवली की मांजर गुरगुरावे तशी थरथर जाणवते. सर म्हणत, यंत्र नंतर पाहा, आधी थरथर पाहा. ती थांबली असेल तर सुई टोचायची नाही, डॉक्टरांना बोलवायचे.

माझे प्रशिक्षण २०१६ च्या उन्हाळ्यात होते. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेलच. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने सुमारे १२० लिटर शुद्ध द्रव वापरला जातो, आणि ते पाणी आरओने शुद्ध करताना आणखी कितीतरी पाणी वाया जाते. बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीनदा यावे लागे. बाहेर लोक घागरी घेऊन रांगेत उभे असताना आम्ही आत आरओचे टाकाऊ पाणी पिंपांत धरत होतो आणि त्याच पाण्याने फरशी पुसत होतो. टँकर आला का, हे विचारायला शिकाऊ मुलांनाच पाठवत. टँकर उशिरा येई त्या दिवशी रुग्ण आमच्याकडे पाहत आणि आम्ही फाटकाकडे. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

ठिगळ

सर्वांचे अनुभव वाचून आनंद झाला, परंतु मला थोडे कडू लिहावे लागेल. आमच्या तालुक्याच्या गावी दुकानांच्या मजल्यावर चाललेल्या एका संस्थेत मी एक वर्षाचा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला. वडिलांनी त्यासाठी म्हैस विकली. प्रमाणपत्र जाड कागदाचे, सोनेरी किनारीचे होते. मात्र महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदणीसाठी गेल्यावर कळले की तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्तच नाही. कार्यालयातल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिले आणि मला पाणी दिले. नंतर मी पुन्हा पहिल्यापासून, मान्यताप्राप्त ठिकाणी, डीएमएलटी केले. या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला. माझी म्हैस त्याच्या फार आधी गेली होती.

चिंतातुर पालक

मुलगी बारावी विज्ञानला आहे. वरील प्रतिसाद वाचून घाबरलो आहे. प्रवेश घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

ठिगळ

दादा, संस्थेचे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अभ्यासक्रमाच्या नावानिशी परिषदेकडे विचारा. शिवाय मुलांना प्रत्यक्ष कामाला कोणत्या रुग्णालयात पाठवतात ते विचारून त्या रुग्णालयात स्वतः जाऊन या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि त्यानंतर वर्षभराच्या आंतरवासितेचा आहे; वेळ आणि पैसा असेल तर तोही पाहा.

ब्रॅम्प्टनची काकू

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून आठ वर्षे पुण्यात काम केले आणि मग लग्नामुळे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आले. तिथे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करायचे तर प्रांताच्या नियामक मंडळाकडे नोंदणी लागते आणि त्याआधी पदवीचे मूल्यमापन व परीक्षा असते. तो रस्ता लांबचा होता, म्हणून मी खासगी करिअर कॉलेजात लॅब असिस्टंटचा अभ्यासक्रम केला; त्या कामाला त्या मंडळाची नोंदणी लागत नाही. वर्गात एक फिलिपिनो दंतवैद्य होती, पंजाबमधली एक परिचारिका होती आणि नुकतीच शाळा संपवलेली मुले होती. ज्या बाईला आयुष्यभर कल्चर प्लेटवरून जंतू ओळखता आले, तिला रबरी हातावर सुई टोचण्याची परीक्षा द्यावी लागली. मी पहिल्यांदा नापास झाले, कारण दंडाला बांधलेला पट्टा सोडायच्या आधी सुई काढली. रबरी हातातूनही लाल पाणी उडते, हे तेव्हा कळले.

मला त्या कॉलेजाने नोकरीपर्यंत पोचवले, त्यामुळे नावे ठेवणार नाही. मात्र विद्यार्थी व्हिसावर येऊ पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : इथल्या खासगी करिअर कॉलेजातून शिकून पदवीनंतरचा कामाचा परवाना मिळत नाही. एजंट ही गोष्ट शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. मी नवऱ्याबरोबर कायम रहिवासी म्हणून आले होते, म्हणून निभावले.

एन बाय टेन

जांभळी टोपी ताई, तुमच्या काळी तोंडाने पिपेट ओढायचे, हे लिहायचे राहिले. हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीतून रक्त ओढताना आमच्या तुकडीतील प्रत्येकाने कोणाच्या ना कोणाच्या रक्ताची चव घेतली आहे. मी ज्याचे रक्त चाखले, तो आता माझा मेहुणा आहे.

जांभळी टोपी

एन बाय टेन, ते मी मुद्दाम गाळले होते, कारण आई हा धागा वाचते.

त्या मुलाने संध्याकाळी फोन केला होता. आईचे पोटॅशियम ४.३, म्हणजे अगदी व्यवस्थित आले. मग बराच वेळ घुटमळून त्याने विचारले की मलेरियाच्या रक्ताची काचपट्टी मी त्याला दाखवू शकेन का, कारण त्याच्या संस्थेत चाळीस मुलांत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि त्याची शंभर पटीची भिंग नादुरुस्त होती. परोपजीवी त्याने फक्त चित्रात पाहिले आहेत. रविवारी त्याला बोलावले आहे. माझा जुना सूक्ष्मदर्शक पुसून ठेवला, जुन्या काचाही सापडल्या, पण भिंग आणि काच यांच्यामध्ये सोडायच्या देवदार तेलाच्या बाटलीचे झाकण इतक्या वर्षांत असे घट्ट बसले आहे की पक्कडीनेही हलत नाही.

एन बाय टेन

झाकणाच्या कडेने तेल विरघळवणाऱ्या झायलीनचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. पक्कड लावू नका, मान तुटेल.