मदत हवी आहे: बाबांचं कंडोम कॅथेटर रात्री निसटतं

बाबा ७८ वर्षांचे, पॅरालिसिसनंतर अंथरुणावरच. डायपरमुळे जांघेत चट्टे उठले म्हणून महिनाभर कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखं चढवायचं आवरण, त्याच्या टोकाच्या नळीतून लघवी पिशवीत जाते) लावतोय. दिवसा ठीक असतं. पहाटे मात्र चादर ओली आणि पिशवीत जेमतेम ५० मिली. काल टॉर्च लावून पाहिलं, तर कूस बदलताना टोकाशीच पीळ पडला होता. लघवी फुग्यासारखी साठून मागच्या कडेने झिरपत होती. जागा कोरडी करतो, पावडर-तेल लावत नाही, पिशवी पलंगाच्या खाली लटकवतो. साइझ ३० मिमी आहे, २५ घ्यावी का? वरून चिकटपट्टी गोल आवळायला सिस्टरनी सक्त मनाई केलीय, रक्तपुरवठा थांबतो म्हणून. पीळ पडू नये म्हणून तुम्ही नळी मांडीला कशी बांधता? बाबा ओल्यात पडून राहतात, पण आम्हाला हाक मारत नाहीत. बघवत नाही हो.